सालामांकात स्पॅनिश शिकताना शनिवार-रविवार कसे फिरावे : पुण्याहून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा एखाद्या खासगी वर्गात दोन-तीन पातळ्यांपर्यंत स्पॅनिश शिकल्यावर महिनाभर स्पेनमध्ये राहून ती पक्की करावी, असे अनेकांना वाटते आणि त्यांतले पुष्कळजण सालामांका हे शहर निवडतात. तिथल्या भाषावर्गांत शिकवणी साधारणपणे सोमवार ते शुक्रवार सकाळच्या वेळी असते. म्हणजे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात मधले तीनच शनिवार-रविवार पूर्णपणे आपल्या हाती असतात. हे तीन आठवडाअखेर कसे वापरायचे याचा विचार विमानाचे तिकीट काढतानाच करावा, कारण माझ्या अनुभवात महिन्याभराच्या शिक्षणाचा निम्मा लाभ वर्गाबाहेरच्या त्या सहा दिवसांतून मिळतो, किंवा त्याच सहा दिवसांत तो गमावला जातो.

मी तो पहिल्या आठवड्यात गमावला. वर्गातल्या तीन भारतीय मैत्रिणींबरोबर मी शुक्रवारी रात्रीच बार्सेलोनाला निघाले. अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास होते, दोन रात्री प्रवासात गेल्या, दिवसभर आम्ही आपसांत मराठी-हिंदी आणि दुकानदारांशी इंग्रजी बोललो आणि सोमवारी वर्गात माझे डोळे मिटत होते. शिवाय बार्सेलोनात कातालान ही भाषाही राजभाषा असल्यामुळे रस्त्यावरच्या पुष्कळ पाट्या मला वाचताच येत नव्हत्या. ते शहर सुंदर आहे, पण स्पॅनिश शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने महिन्याभरात तिथे धावून जाऊन परत येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रम संपल्यावर चार दिवस राखून जावे.

त्याऐवजी जवळच्या, लहान आणि जिथे इंग्रजी कमी चालते अशा गावांना जावे. एका दिवसात एकच गाव पाहावे. सोबत असलीच तर एखाद्याच व्यक्तीची असावी, आणि ती आपल्यासारखीच स्पॅनिश शिकणारी पण आपली मातृभाषा न बोलणारी असेल तर उत्तम, कारण मग दोघांना स्पॅनिशशिवाय गत्यंतर राहत नाही.

पहिला आठवडाअखेर सालामांकातच

पहिल्या शनिवारी गाव सोडू नये. सालामांका विद्यापीठाची स्थापना 1218 साली झाली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते त्या काळात, आणि स्पेनमधले आज चालू असलेले ते सर्वांत जुने विद्यापीठ आहे. जुने शहर 1988 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. जवळच्या बियामायोर गावच्या खाणीतल्या दगडाने इथल्या इमारती बांधल्या असून संध्याकाळच्या उन्हात तो दगड सोन्यासारखा दिसतो. म्हणून मुख्य वास्तू सकाळी आतून पाहाव्यात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्यांवरून बाहेरून पाहाव्यात.

विद्यापीठाच्या दर्शनी भागावरच्या दाट कोरीव कामात एका कवटीवर बसलेला बेडूक आहे आणि तो कोणाच्या मदतीशिवाय सापडला तर परीक्षेत यश मिळते, अशी विद्यार्थ्यांची जुनी समजूत आहे. तो शोधावा, पण सापडत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक माणसाला ‘दोंदे एस्ता ला राना?’ असे विचारावे. यश थोडे कमी झाले तरी चालेल, संवाद मात्र हमखास घडतो. नव्या कॅथीड्रलच्या एका दरवाजावर 1992 च्या जीर्णोद्धारात कोरलेला अंतराळवीर आहे, तोही याच पद्धतीने शोधावा. कासा दे लास कोंचास ही शिंपल्यांनी सजवलेली पंधराव्या शतकाच्या अखेरीची वास्तू आज सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथे तासभर बसून स्थानिक वर्तमानपत्र वाचण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.

प्लाथा मायोर हा गावाचा मुख्य चौक आहे. त्याचे बांधकाम 1729 साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, 1730 च्या जानेवारीत, शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. हा योगायोग मला तिथल्या एका बाकावर बसलेल्या आजोबांना सांगता आला, तेव्हा त्यांनी पुणे कुठे आहे इथपासून वाड्याचे पुढे काय झाले इथपर्यंत अर्धा तास प्रश्न विचारले. म्हणून निघण्यापूर्वी पुण्यातच एक तयारी करावी. शनिवारवाडा, पर्वती, तुळशीबाग, आगाखान पॅलेस यांपैकी दोन-तीन ठिकाणी जाऊन ती जागा स्पॅनिशमध्ये मोठ्याने वर्णन करावी आणि अडलेले शब्द लिहून काढावेत. परदेशात लोक आपल्याला आपल्या गावाबद्दल विचारतात, आणि त्या वेळी शब्द तयार नसतील तर चांगला सुरू झालेला संवाद दोन वाक्यांत संपतो.

संध्याकाळी कोणाला भेटायचे असेल तर सालामांकातले लोक ‘देबाखो देल रेलोख’, म्हणजे चौकातल्या घड्याळाखाली, भेटतात. तुम्हीही तीच जागा सांगावी.

तिकीट आणि वेळापत्रक

शब्दोच्चाराची एक गोष्ट आधी सांगते. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ हे अक्षर ‘ब’सारखेच उच्चारले जाते, त्यामुळे नकाशावर आपण ‘आव्हिला’ किंवा ‘सेगोव्हिया’ वाचतो ती गावे बोलताना आबिला आणि सेगोबिया होतात. कास्तियामध्ये, म्हणजे सालामांका ज्यात येते त्या प्रदेशात, ‘झेड’ आणि काही ठिकाणचा ‘सी’ यांचा उच्चार जिभेचे टोक दातांत धरून करतात. मराठी ‘थ’ त्याच्या जवळ जातो, पण तो श्वासाचा फटका न देता उच्चारावा. उलट ‘त’ आणि ‘द’ हे वर्ण मराठी माणसाला शिकावे लागत नाहीत, कारण ते दोन्ही भाषांत दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ‘ट’ आणि ‘ड’ केले, तरच उच्चार बिघडतो.

तिकीट मोबाइलवर काढता येते आणि गर्दीच्या दिवशी तेच योग्य असते. परंतु जवळच्या गावाचे तिकीट निदान एकदा तरी खिडकीवर जाऊन काढावे. ‘उन बियेते दे इदा इ बुएल्ता पारा आबिला, पोर फाबोर’ हे वाक्य रांगेत उभे असताना मनात घोळवावे. इदा इ बुएल्ता म्हणजे जाण्या-येण्याचे. बस कोठून सुटते हे विचारताना ‘दार्सेना’ आणि रेल्वेसाठी ‘बिया’ किंवा ‘आंदेन’ हे शब्द लागतात. स्वारगेटच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीशी आपण जेवढ्या सहजपणे बोलतो तेवढीच सहजता इथे आणायची आहे, आणि ती तीन-चार वेळा अडखळल्यावर येते.

वेळापत्रक वाचताना ‘लाबोराब्लेस’ आणि ‘फेस्तिबोस’ या दोन शब्दांकडे बारकाईने पाहावे. पहिला कामाच्या दिवसांसाठी आहे, दुसरा रविवार आणि सणावारांच्या सुट्ट्यांसाठी. शनिवार कधी पहिल्या गटात धरलेला असतो, तर कधी त्याची वेगळी ओळ असते. मी थिउदाद रोद्रिगोला रविवारी गेले असताना परतीची बस ‘लाबोराब्लेस’च्या रकान्यात पाहून ठेवली होती. त्या वेळेला बस नव्हतीच, आणि पुढची बस मिळेपर्यंत मला थंडीत तीन तास काढावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक गावात उतरल्याबरोबर, बाहेर पडण्यापूर्वीच, त्या दिवसाची शेवटची परतीची गाडी खिडकीवर विचारून वहीत लिहीत असे. तुम्हीही तसेच करावे. रविवारी संध्याकाळी माद्रिदहून सालामांकाकडे येणाऱ्या गाड्या परतणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरतात, म्हणून त्या दिशेचे तिकीट मात्र आधी काढून ठेवावे.

आबिला, सेगोबिया आणि इतर

दुसऱ्या आठवड्यासाठी मी आबिला सुचवेन. रेल्वेने ते सालामांकापासून साधारण तासाभराच्या थोडे वर आहे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेले हे गाव स्पेनमधल्या प्रांतांच्या राजधान्यांत सर्वांत उंचावर आहे, त्यामुळे ऑक्टोबरपासून संध्याकाळी तिथे चांगलीच थंडी वाजते आणि पुण्याच्या हिवाळ्याचा स्वेटर पुरत नाही. गावाभोवतीची मध्ययुगीन तटबंदी सुमारे अडीच किलोमीटर लांब असून तिला ऐंशीहून अधिक बुरूज आणि 9 दरवाजे आहेत. तटाच्या काही भागांवरून तिकीट काढून चालता येते. सिंहगड-राजगड पाहिलेल्या माणसाला बुरूज, दरवाजे, तट या गोष्टी नव्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांची स्पॅनिश नावे लवकर लक्षात राहतात: मुराया (तट), तोर्रे (बुरूज), पुएर्ता (दरवाजा), आल्मेना (तटावरचा कंगोरा). तट बाहेरून संपूर्ण दिसावा यासाठी नदीपलीकडच्या लोस कुआत्रो पोस्तेस या जागी दुपार उलटल्यावर चालत जावे.

ख्रिस्ती जोगीण आणि लेखिका संत तेरेसा यांचा जन्म आबिला इथे 1515 साली झाला, आणि त्यांच्याविषयीच्या फलकांवर वर्षे वारंवार येतात. इथे मराठी सवय आडवी येते. आपण ‘पंधराशे पंधरा’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये मात्र ‘एक हजार पाचशे पंधरा’ या रीतीने ‘मील किनियेन्तोस किंथे’ म्हणतात. शतके फलकांवर रोमन अंकांत लिहिलेली असतात आणि बारावे शतक ‘सिग्लो दोथे’ असे, म्हणजे साध्या ‘बारा’ने, वाचतात. प्रत्येक फलक आधी स्पॅनिशमध्ये पूर्ण वाचावा, वर्षे मोठ्याने म्हणावीत, आणि नंतरच शेजारचा इंग्रजी मजकूर पाहावा.

सेगोबियाला रेल्वेने जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेगवान गाड्या ज्या गिओमार स्थानकावर थांबतात ते गावापासून काही किलोमीटर दूर मोकळ्या माळावर आहे. तिथून जलवाहिनीपर्यंत शहर बस मिळते, पण परतताना तिच्यासाठी अर्धा तास हाती राखावा. रोमन काळातली ही जलवाहिनी चुन्याशिवाय, नुसत्या ग्रॅनाइटच्या शिळा एकमेकींवर रचून उभी आहे आणि तिची सर्वाधिक उंची सुमारे 28 मीटर आहे. डोंगरातले पाणी पंधरा किलोमीटरहून लांबून तिच्यातून गावात येत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या पाण्याची योजना मला तिथे आठवली आणि ती मी स्पॅनिश भाषेतल्या पायी सहलीच्या मार्गदर्शक बाईंना समजावून सांगितली. त्यांनी माझे प्रत्येक दुसरे वाक्य दुरुस्त केले आणि ती दुरुस्त केलेली वाक्ये मला अजून पाठ आहेत. अशा पायी सहली अनेक गावांत इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असतात, आणि निम्मेच समजले तरी स्पॅनिश सहल घ्यावी. ज्या सहलीला ‘फ्री’ म्हणतात तिच्यात मार्गदर्शकाचे उत्पन्न शेवटी मिळणाऱ्या पैशांवरच असते, म्हणून ऐपतीप्रमाणे पैसे अवश्य द्यावेत.

थिउदाद रोद्रिगो हे पोर्तुगालच्या सीमेजवळचे तटबंदीचे छोटे गाव पर्यटकांच्या यादीत सहसा नसते, पण पुण्याच्या विद्यार्थ्याने ते पाहावे असे मला मनापासून वाटते. 1812 च्या जानेवारीत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने फ्रेंचांकडून हे गाव जिंकले आणि कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. दुसरा बाजीराव पुणे सोडून गेल्यावर 1803 च्या एप्रिलमध्ये तोच फौज घेऊन पुण्यात आला होता आणि त्याच वर्षी त्याने असईची लढाई मराठ्यांविरुद्ध लढली होती. स्पेनने त्याला थिउदाद रोद्रिगोचा ड्यूक हा किताब दिला. गावातल्या माणसाला ही दुसरी बाजू सहसा ठाऊक नसते, त्यामुळे बोलायला विषय मिळतो.

थामोरा हे दुएरो नदीकाठचे गाव रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीच्या चर्चसाठी पाहावे, अर्धा दिवस पुरतो. तोलेदो मात्र सालामांकाहून एका दिवसात करू नये. माद्रिदला एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या वेगवान गाडीने जावे, ती साधारण अर्ध्या तासात पोहोचवते.

माद्रिदचा मुक्काम

माद्रिदला शनिवारी सकाळी जाऊन रविवारी रात्री परतावे. प्रादो संग्रहालयात संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांत प्रवेश विनामूल्य असतो, पण रांग लांब लागते. त्यापेक्षा विद्यार्थी ओळखपत्रावर मिळणारी सवलत संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून सकाळीच जावे. संपूर्ण संग्रहालय पाहण्याचा हट्ट धरू नये. बेलाथकेथ आणि गोया या चित्रकारांची दालने निवडावीत आणि प्रत्येक चित्रासमोर उभे राहून ‘आय उना निन्या के...’, म्हणजे ‘एक मुलगी आहे, जी...’ अशी वाक्ये मनात रचावीत. पिकासोचे गेर्निका हे चित्र रेइना सोफिया संग्रहालयात आहे आणि ते संग्रहालय मंगळवारी बंद असते. इतर अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासाव्यात. रविवारी सकाळी एल रास्त्रो हा जुना बाजार भरतो. तिथे भाव विचारण्याचा सराव होतो, पण पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, कारण त्या गर्दीत आणि मेट्रोत खिसेकापू असतात. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

वसतिगृहात किंवा हॉटेलात राहताना मूळ पारपत्र दाखवावे लागते, त्यामुळे मुक्कामाच्या सहलीला ते बरोबर असावे आणि त्याची प्रत वेगळ्या पिशवीत असावी. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर समुद्र ओलांडून मोरोक्कोतल्या तान्जियरला जाण्याचा मोह टाळावा, कारण शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, पडल्यावर त्याच व्हिसावर परत येता येत नाही. पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रातच आहे, मात्र तिथले घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते, हे परतीची गाडी ठरवताना विसरू नये.

ग्रानादाचे आलाम्ब्रा, म्हणजे मुस्लिम राजांचा गढीवजा राजवाडा, पाहायचे असेल तर पुण्यातूनच तिकीट काढावे. ती तिकिटे नावानिशी असतात, नासरी राजवाड्यांसाठी ठरलेली वेळ दिलेली असते आणि हंगामात ती कित्येक आठवडे आधी संपतात. 12 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर किंवा 6 आणि 8 डिसेंबर या सुट्ट्यांना जोडून आलेल्या लांब आठवडाअखेरीस, ज्याला तिथे ‘पुएन्ते’ म्हणजे पूल म्हणतात, हा प्रवास बसवावा.

जेवण आणि दुपार

दुपारी एक ते चार दुकाने बंद असण्याची पुणेकरांना सवय आहे, स्पेनमध्ये लहान गावांतली दुकाने साधारण दोन ते पाच बंद असतात. जेवण दुपारी दोननंतर आणि रात्री नऊनंतर मिळते. रविवारी बहुतेक दुकाने दिवसभर बंद राहतात, म्हणून फळे आणि पाव शनिवारीच आणून ठेवावेत.

शाकाहारी विद्यार्थ्याने नुसते ‘सोय बेखेतारियाना’ (मुलाने ‘बेखेतारियानो’) एवढे म्हणून थांबू नये. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ मोठे मांस नको इतकाच घेतला जातो आणि पानात हॅमचे तुकडे किंवा टूना मासा येतो. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ असे एकेक सांगावे. मसूर आणि घेवड्याच्या उसळी दिसायला आपल्यासारख्या असल्या तरी बहुधा चोरिथो (डुकराच्या मांसाचे सॉसेज) घालून शिजवलेल्या असतात, आणि सेगोबियाच्या प्रसिद्ध मोठ्या घेवड्याचीही तीच गोष्ट आहे. तोर्तिया दे पातातासमध्ये अंडे असते. बटाट्याचे पातातास ब्राबास, भाजलेल्या मिरच्या आणि भाज्यांचे पिस्तो हे पदार्थ सहसा चालतात, पण पिस्तोवर तळलेले अंडे ठेवतात का हे विचारून घ्यावे.

परतीच्या गाडीत

सोमवारी वर्गाची सुरुवात जवळजवळ नेहमी याच प्रश्नाने होते: शनिवार-रविवारी काय केले? त्याचे उत्तर परतीच्या गाडीत बसल्या बसल्या, दृश्ये ताजी असताना, वहीत पंधरा-वीस वाक्यांत लिहावे. हे लिहिताना इंग्रजीतून भाषांतर करू नये, मराठीतून विचार करावा. ‘मला तो तट आवडला’ याची रचना ‘मे गुस्तो ला मुराया’शी तंतोतंत जुळते, कारण दोन्हीकडे आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘मला’ असतो. ‘पाऊस पडत होता’ आणि ‘पाऊस पडला’ हा भेद आपण लहानपणापासून करतो, तोच ‘योबिया’ आणि ‘योबिओ’ यांच्यात आहे. मात्र ‘पाहिले’ आणि ‘पाहिले आहे’ यांच्यातला फरक मराठीप्रमाणे लावून चालत नाही. स्पेनमध्ये चालू दिवसाबद्दल किंवा अजून न संपलेल्या काळाबद्दल बोलताना ‘ए बिस्तो’ वापरतात आणि संपलेल्या काळासाठी ‘बी’, म्हणून रविवारी गाडीत लिहिलेल्या ‘ओय ए बिस्तो’ (आज पाहिले) या वाक्याचे सोमवारी सांगताना ‘आयेर बी’ (काल पाहिले) होते. जिथे शंका वाटेल त्या वाक्यापुढे समासात प्रश्नचिन्ह करावे आणि सोमवारी वर्ग सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे आधी पोहोचून ती वही शिक्षकांना दाखवावी.